हृदयाची गोळी आणि गळ्यातली ग्रंथी



अवटू ग्रंथी म्हणजेच थायरॉइड आपण वर्गात शिकवतो. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, हेही सांगतो. पण आयोडीन जास्त झालं तर? याचं उदाहरण आपल्या आजी-आजोबांच्या औषधाच्या डब्यात सापडू शकतं.

हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर डॉक्टर काही रुग्णांना अमिओडॅरोन ही गोळी देतात. औषध प्रभावी आहे, पण त्याच्या वजनाचा सुमारे ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो.

चला, गणित करू. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम आयोडीन. त्यातलं रोज सुमारे ६ मिलिग्रॅम, म्हणजे ६००० मायक्रोग्रॅम शरीरात मोकळं होतं. मोठ्या माणसाची रोजची गरज फक्त १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे चाळीस पट!

मग काय होतं? बहुतेकांची ग्रंथी जुळवून घेते. काहींची मात्र मंदावते: थकवा, थंडी सोसवत नाही, वजन वाढतं, बद्धकोष्ठता, विसराळूपणा. घरचे म्हणतात, "आता वय झालं." काहींमध्ये उलट होतं. हार्मोन वाढतं, वजन घटतं, हात थरथरतात, घाम येतो आणि ज्या धडधडीसाठी गोळी सुरू केली तीच परत येते.

म्हणून लक्षात ठेवा:

१. गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर साधारण दर सहा महिन्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

२. त्रास वाटला तरी गोळी मनाने बंद करू नये. ठोके बिघडले तर जिवावर बेतू शकतं. शिवाय हे औषध चरबीत साठतं, बंद केल्यावरही कित्येक महिने शरीरात राहतं.

३. आयोडीनयुक्त मीठ सोडून उपयोग नाही. गोळीपुढे मिठातलं आयोडीन किरकोळ आहे.

४. थायरॉइड मंदावली तर बहुतेक वेळा हृदयाची गोळी चालू ठेवून थायरॉइडची गोळी जोडता येते.

गावाकडची माणसं विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत दाखवायला जातात. जाताना फाईलसोबत सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही न्याव्यात. डॉक्टर बदलले तर "ही गोळी चालू आहे" हे आधी सांगावं.

आठवी-नववीच्या मुलांना एक गृहपाठ देऊन बघा: आजोबांच्या गोळीच्या पट्टीवरचं नाव वाचा, वहीत लिहा आणि आईबाबांना विचारा, "थायरॉइडची तपासणी कधी झाली होती?"