नकाशा होताच कुठं?

पेट्रोलच्या टाकीवर बांधलेली पिशवी, तिच्या वरच्या पारदर्शक कप्प्यात घडी घातलेला नकाशा आणि तिठ्यावर गाडी थांबवून त्यावर बोट फिरवणारा स्वार. मोटारसायकलवरच्या जुन्या भटकंतीबद्दल कोणी लिहायला बसलं की हे चित्र हमखास येतं. युरोपात ते खरं असेल, पुण्या-मुंबईच्या काही क्लबांतही असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दिग्रसमध्ये मी ते पाहिलेलं नाही. आमच्याकडे राजदूत होती, येझदी होती, १९८५च्या सुमारास हिरो होंडाची सीडी हंड्रेड आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड आली. या गाड्यांवर बसून लोक माहूरला गेले, शेगावला गेले, लग्नाच्या पत्रिका वाटत नांदेड-आदिलाबादपर्यंत गेले. टाकीवर नकाशा कोणाच्याच नव्हता. त्यामुळे गेल्या चाळीसेक वर्षांचा मागोवा घ्यायचा तर कागद हरला आणि फोन जिंकला ही सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट इथं बसत नाही. फोननं आमच्याकडून हिरावून घेतलं ते वेगळंच काही.

घरात नकाशे नव्हते असं नाही. शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला असे, दप्तरात नवनीतची नकाशावही असे आणि नव्या वर्षाच्या डायरीच्या शेवटी घडीचा भारत आणि शहराशहरांतल्या अंतरांचा तक्ता असे. शौकिनांकडे टीटीके कंपनीचा रस्त्यांचा नकाशा सापडे. कुकर विकणाऱ्या घराण्यानं नकाशेही छापावेत याचं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. पण या सगळ्यांवर दिग्रस ते पुसद हे अंतर नखाएवढं. त्यात सागाच्या टेकड्या कुठं, नाले किती, तांडे कोणते, काही कळायचं नाही. शिवाय छापलेला नकाशा जुना होतो तेव्हा तो सांगत नाही. माझ्या नकाशावहीत दिग्रसच्या पश्चिमेला मानोऱ्यापासून अकोला जिल्हा सुरू व्हायचा. १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, तरी ती वही घरात कित्येक वर्षं अकोलाच दाखवत राहिली. २०१०मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. पांढरकवड्यावरून जाणारा सात नंबर चव्वेचाळीस झाला, अकोला-अमरावतीचा सहा नंबर त्रेपन्न झाला. कागदावरचा सात नंबर पुसायला कोणी आलं नाही, आणि लोकांच्या तोंडातलाही अजून पुरता गेलेला नाही.

यातली गंमत अशी की देशातली सगळ्यात कसून झालेली मोजणी आमच्या दारावरूनच गेली होती. विल्यम लॅम्टननं १८०२मध्ये मद्रासजवळून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. त्यातली दक्षिणोत्तर मुख्य साखळी अठ्ठ्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपासनं वर सरकत होती, आणि दिग्रसही अठ्ठ्याहत्तरच्या किंचित अलीकडेच आहे. ती मोजणी पुढे नेत असताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं हाती घेतलं. दिग्रसहून हिंगणघाट सकाळी निघून दुपारी पोहोचण्याएवढं जवळ आहे, तरी नकाशाच्या गप्पा मारणारे आमचे स्वार तिथं गेल्याचं ऐकिवात नाही. गेलं पाहिजे.

त्या मोजणीतून जे बारीक प्रमाणाचे तक्ते तयार झाले, त्यांत सगळं होतं: पायवाटा, विहिरी, टेकड्यांची उंची, नाल्यांची वळणं. सर्वेक्षण खात्याच्या क्रमवारीत एक रेष विसाव्या अक्षांशावरून जाते. दिग्रस त्या रेषेच्या जरा वर, पुसद जरा खाली. म्हणून दिग्रस पंचावन्न क्रमांकाच्या मालिकेत आणि पुसद छप्पन्नच्या. तासाभराच्या आत संपणाऱ्या रस्त्यासाठी दोन वेगळ्या मालिकांतले तक्ते घ्यायचे, आणि ते घेण्यासाठी मोठ्या शहरातलं सरकारी कार्यालय गाठायचं. दिग्रसच्या स्टेशनरीच्या दुकानात ते कधी आले नाहीत. खरा कागदी नकाशा अस्तित्वात होता, पण इंजिनिअर, लष्कर आणि वनखात्याच्या कपाटात. मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला आला तो डायरीच्या शेवटचा.

मग लोक जायचे कसे? एसटीच्या मागं. पाटीवर गावाचं नाव वाचायचं आणि लाल गाडीची धूळ खात जायचं. ती थांबली की आपणही चहाला थांबायचं. दुसरा आधार रस्त्याकडेच्या दगडांचा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा, काळा जिल्हा मार्गाचा, पुढे नारिंगी आला तो पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा. दगडाचा रंग बदलला की वाट चुकल्याची शंका यायची, ती बहुतेकदा खरी ठरायची. आणि तिसरा, सगळ्यांत मोठा आधार म्हणजे फाट्यावरचा माणूस.

"काका, मानोऱ्याले हाच रस्ता जाते का?"

"जाते ना. सीधा जाजा. मंग नाला लागते. नाल्याच्या पल्याड लिंबाचं झाड हाये, तिथून उजव्या बाजूनं वळजा. पण आता कायले जाता? वर पाणी पडून राह्यलं, नाल्याले पूर असंन."

या उत्तरात दिशा आहे, खूण आहे, हवामान आहे आणि सल्लाही आहे. किलोमीटर तेवढे खोटे असायचे. "हे काय, दोन किलोमीटर" म्हणजे दोनपासून नवापर्यंत काहीही. दोन माणसांना विचारलं तर दोन रस्ते कळायचे, म्हणून जाणता स्वार तिसऱ्यालाही विचारायचा. एखादा न सांगता मागच्या सीटवर बसून "चाला, मी दाखवतो" म्हणायचा आणि स्वतःच्या गावात उतरून जायचा. अशी फुकटची सवारी मीही पुष्कळांना दिली आहे.

या विचारण्याला आमच्या भागात आणखी एक पदर होता. पोहरादेवी दिग्रसपासून जवळ. संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, रामनवमीला तिथं यात्रा भरते. तेलंगणातून, कर्नाटकातून बंजारा भाविक येतात, त्यांतले बरेच मोटारसायकलींवर. तेलुगू किंवा कन्नड मुलखातून आलेल्या माणसाला मराठी पाट्या वाचता यायच्या नाहीत. पण वाटेत तांडा लागला की त्याचा प्रश्न सुटायचा, कारण बंजाऱ्यांची गोरमाटी बोली तिकडेही तीच आणि इकडेही तीच. तांड्यामागून तांडा विचारत माणूस दोन राज्यं ओलांडून देवीपर्यंत पोहोचायचा. कुठल्याही कंपनीनं हे जाळं विणलेलं नव्हतं. छापील नकाशावर यांतल्या बहुतेक तांड्यांची नावंही नव्हती.

उपग्रहाची गोष्ट मे २०००मध्ये बदलली. अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि शंभरेक मीटरची अचूकता एकदम वीसेक मीटरांच्या आत आली. हातात धरायची जीपीएस यंत्रं त्यानंतर शहरी भटक्यांकडे दिसू लागली. दिग्रसला त्याचा काही उपयोग नव्हता. यंत्र तुम्ही कुठं उभे आहात ते सांगायचं, पण त्याच्यात रस्तेच भरलेले नसतील तर आकाशातल्या उपग्रहानं काय करावं?

रस्ते भरले ते लोकांनी. २००८मध्ये गुगलनं मॅप मेकर नावाची सोय भारतात आणली. तरुण पोरांनी रात्री बसून आपापल्या गावचे रस्ते, शाळा, दवाखाने, पाणंद रस्ते उपग्रहचित्रावर गिरवले. २०१३मध्ये कंपनीनं त्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा सर्वेक्षण खात्यानं पोलिसांकडे तक्रार केली आणि प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. आपल्याच गल्लीचा नकाशा काढणं हा गुन्हा ठरतो की काय, असा तो काळ. नंतर सरकारही सैलावलं. २०१७मध्ये खात्यानं ते बारीक तक्ते आधार क्रमांकावर फुकट उतरवून घ्यायची सोय केली. फेब्रुवारी २०२१मध्ये नकाशे काढण्यावरची बहुतेक परवान्यांची बंधनं काढली. पण तोवर गावोगावच्या खिशात फोन पोहोचला होता. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि डिसेंबर २०१७मध्ये गुगलनं नकाशात दुचाकीसाठी वेगळा पर्याय दिला. तो जगात सर्वांत आधी भारतात आला. या देशात रस्त्यावर कोण चालतं, हे निदान एकदा तरी कोणाला तरी दिसलं.

बुलेटवाल्यांच्या दुनियेत याच काळात एक मजेशीर वर्तुळ पुरं झालं. आयशर म्हटलं की आपल्याला ट्रॅक्टर आणि ट्रक आठवतात. पण १९९४मध्ये बुलेट बनवणारी एनफिल्ड कंपनी आयशरमध्ये विलीन झाली, आणि याच आयशरनं नव्वदच्या दशकात शहरांचे देखणे छापील नकाशेही काढले. पुढे नोव्हेंबर २०२०मध्ये एनफिल्डची मीटिअर बाजारात आली तेव्हा तिच्या हँडलवर ट्रिपर नावाची वाट दाखवणारी छोटी तबकडी होती, आणि २०२३च्या हिमालयनवर तर अख्खा नकाशाच आला. ज्या घरानं कागद छापला, त्याच घरानं त्याची गरज संपवली.

आता निकाल सांगतो. फोनमधला नकाशा हा आमच्या भागातल्या सामान्य स्वाराला मिळालेला पहिला खरा नकाशा आहे. पूर्वीचं फार छान होतं असं म्हणणाऱ्यांनी रात्री दहा वाजता पावसात, अनोळखी फाट्यावर, विचारायला कुत्रंही नसताना उभं राहून पाहावं. एकटी स्कूटर घेऊन निघणाऱ्या मुलींना विचारा. वाट विचारायला थांबावं लागत नाही, याची किंमत त्या सांगतील.

तरीही हा नकाशा दिग्रसला बसून कोणी काढलेला नाही, हे पावलोपावली जाणवतं. दिग्रस नावाची गावं मराठवाड्यात आहेत, नगरकडं राहुरी तालुक्यातही एक आहे. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यातलं आणि कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यातलं. आर्णी आमच्या शेजारची आणि आर्णी तमिळनाडूतलीही. माणूस तुमच्या तोंडाकडे बघून ओळखायचा की तुम्हाला कोणतं कारंजा हवंय. फोन जे आधी सापडेल ते दाखवतो. दुसरं म्हणजे समृद्धी महामार्ग. दुचाकीला त्यावर बंदी आहे, पण नकाशा चारचाकीच्या पर्यायावर राहिला तर तो तुम्हाला इमानेइतबारे समृद्धीच्या दारात नेऊन सोडतो, आणि तिथून परत फिरावं लागतं. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात हँडलवरचा फोन तापून मंदावतो, पैनगंगेच्या जंगलाकडे रेंज जाते, आणि मोठ्या इंजिनच्या थरथरीनं फोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊ शकते, असा इशारा तर अॅपलनं २०२१मध्ये स्वतःच दिला.

ही सगळी सोसण्यासारखी गैरसोय. नाल्याचं तसं नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर पुराच्या पाण्यात एसटी बस वाहून गेली आणि माणसं दगावली. २२ जुलै २०२३च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं असा वेढा घातला की हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाठवावी लागली. नगरकडच्या अकोले तालुक्यात कोतूळजवळ जानेवारी २०२१मध्ये रात्री नकाशाच्या भरवशावर निघालेली मोटार धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात शिरली, एकाचा जीव गेला. तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक होतं. नकाशावर पूल म्हणजे बाराही महिने पूल. "नाल्याले पूर असंन" हे वाक्य त्याच्यात नाही.

कागदाचा उपयोग मला आता दिसतो आहे, आणि तो घरी, निघण्याच्या आदल्या रात्री. फोनचा पडदा पुढचं वळण दाखवतो. टेबलावर पसरलेला तक्ता पैनगंगा कुठून येते, तिला अरुणावती कुठल्या बाजूनं जाऊन मिळते, माहूरच्या डोंगराचा पसारा कुठवर आहे, हे एका नजरेत दाखवतो. कोणत्या रस्त्यावर किती नाले ओलांडायचे ते पावसाळ्यात तरी आधी मोजून घ्यावं. नागपूरला जाताना फोन आर्णीवरून चौपदरी धरायला सांगतो आणि घाई असेल तर ते बरोबरच आहे. दारव्ह्यावरून जायचं मन झालं तर ते कागद बघूनच होतं, फोन तसं सुचवणार नाही.

शेवटी दिग्रस, दारव्हा, पुसद, उमरखेडकडच्या गाडीवाल्यांना एक विनंती. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही फुकट दुरुस्त करता येतो, आणि इतर नकाशांतही चूक कळवायची सोय असते. आपल्या वाटेवरचा प्रत्येक रपटा, पावसात बुडणारा प्रत्येक ठेंगणा पूल आणि नाव न लागलेला प्रत्येक तांडा त्यात भरा. पावसाळ्याआधी भरा.