पहिल्या गुरुवारची मंडळी

लाकडावर चित्र कोरून ते कागदावर छापण्याची जपानी कला एकेकाळी चौघांच्या हातून होत असे. तोक्योतल्या काही हट्टी चित्रकारांनी ती एकाच्या हातात आणली. पण ती टिकली, ती मात्र बैठकीमुळे!

साल १९३९. चीनशी युद्ध सुरू होऊन जपानला दोन वर्षं झाली होती. ज्या वस्तूचा सैन्याला उपयोग नाही, तिला फारशी किंमत उरली नव्हती. अशा दिवसांत तोक्योमध्ये ओन्ची कोशिरो या चित्रकाराच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी काही मंडळी जमू लागली. विषय एकच, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं. कुणाची रेघ कुठे तुटली, कुणाचा रंग का फुटला, कुठलं लाकूड बरं, कागद कुठे मिळेल, अशी चर्चा चाले. यामागुची गेन, सेकिनो जुनइचिरो ही त्यातली पहिली नावं. या मंडळींना नाव पडलं ‘इचिमोकुकाई’, म्हणजे ‘पहिल्या गुरुवारचं मंडळ’.

या नावात एक गंमत आहे. जपानी भाषेत गुरुवारसाठी जे अक्षर वापरतात, त्याचा अर्थ झाड किंवा लाकूड. गुरू ग्रहालाही ते ‘लाकडाचा तारा’च म्हणतात. ग्रह तोच, वार तोच. आपल्याकडे तो गुरूचा झाला, त्यांच्याकडे लाकडाचा. ओन्चींच्या घरी मात्र दोन्ही अर्थ एकदम लागू पडत होते.

चौघांचं चित्र

मंडळी एवढी कशावर बोलत, हे कळायला आधी हे चित्र तयार कसं होतं ते पाहायला हवं. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट आपण सर्वांनी कॅलेंडरवर नाहीतर बिस्किटाच्या डब्यावर पाहिलेली असते. अंगावर येणारी निळी लाट, तिच्या फेसाच्या नख्या आणि मागे इवलासा फुजी पर्वत. साधारण १८३१ सालचं हे चित्र. त्याखाली नाव होकुसाईचं. पण लाकूड त्याने कोरलं नाही आणि कागदही त्याने छापला नाही. भांडवल घालणारा प्रकाशक, रेखाटन करणारा चित्रकार, कोरणारा आणि छापणारा अशी चार माणसं एका चित्रामागे असत. त्या लाटेचा फेस कुणी कोरला, त्याचं नाव आज कुणालाही ठाऊक नाही.

चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई. कोरणारा ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवे आणि कागदासकट कोरून काढी. म्हणजे मूळ चित्र कोरताना संपूनच जाई! रेघ तेवढी उंच ठेवायची, बाकीचं लाकूड खणून टाकायचं. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. आपल्याकडे छिपे कापडावर ठसे मारतात ते ठसा उचलून कापडावर दाबतात, इथे उलट. ठसा जमिनीवर राहतो आणि कागद त्याच्यावर येतो.

रंग पाण्यातला. त्यात चमचाभर तांदळाची खळ मिसळायची आणि घोड्याच्या केसांच्या ब्रशने ती ठशावर पसरायची. ओलसर कागद अलगद ठेवायचा आणि पाठीमागून ‘बारेन’ने घासायचं. बारेन म्हणजे हाताच्या पंज्यात मावणारी चपटी चकती. आत बांबूच्या धाग्यांच्या दोरीचं वेटोळं आणि वरून बांबूच्या कोंभाच्या सालीचं आवरण. यंत्र नाही, दाबपट्टी नाही. छपाईचा सगळा जोर खांद्यातून येतो.

दहा-बारा रंग एकावर एक छापायचे, तर कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. त्यासाठी ठशाच्या कोपऱ्यात एक काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच कोरतात. बस्स, एवढंच! या दोन खाचांना ‘केंतो’ म्हणतात. कागदाचा कोपरा एकीत अडकवायचा, कड दुसरीला टेकवायची. पण केसाएवढं चुकलं, तरी नायिकेच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो.

खरी करामत आकाशात दिसते. वरती गडद निळं आणि क्षितिजाकडे विरत जाणारं आकाश एकाच ठशातून, एकाच घासण्यात निघतं. ठसा ओल्या फडक्याने पुसायचा आणि ब्रशच्या एका टोकालाच रंग घ्यायचा. याला ‘बोकाशी’ म्हणतात. ऐकायला सोपं, पण शंभर प्रतींत शंभर आकाशं सारखी आणायची म्हणजे वर्षांची तालीम.

रंग बदलला की चित्र कसं बदलतं, याचा नमुना आपल्या देशातलाच आहे. योशिदा हिरोशी हे नामांकित चित्रकार मुलगा तोशी याला घेऊन १९३० च्या अखेरीस भारतात आले. परत गेल्यावर त्यांनी भारताची छापचित्रं काढली. त्यांत बनारसचे घाट आहेत, उदयपूर आहे, आपली अजिंठा-वेरूळची लेणी आहेत आणि ताजमहाल तर आहेच. तेच ठसे, पण रंग बदलून त्यांनी एक ताज दिवसाचा छापला आणि एक रात्रीचा.

एकट्याचा हट्ट

१९०४ मध्ये यामामोतो कानाए या तरुणाने एका कोळ्याचं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं आणि स्वतःच छापलं. चित्र लहानसंच, पण खळबळ मोठी झाली. चित्रकाराने कारागिराचं काम करायचं? इथून ‘सोसाकु हांगा’, म्हणजे स्वनिर्मित छापचित्रांची चळवळ सुरू झाली.

ओन्ची त्याच वाटेने गेले. विशीत असताना १९१४ मध्ये त्यांनी तनाका क्योकिची आणि फुजिमोरी शिझुओ या दोन मित्रांबरोबर ‘त्सुकुहाए’ नावाचं छापचित्रांचं मासिक काढलं. तनाकाला क्षयाने ग्रासलं होतं. १९१५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी तो गेला, आणि सात अंक निघून मासिकही त्याच वर्षी थांबलं. पंचवीस वर्षांनी घराचं दार इतरांसाठी उघडताना ओन्चींना ते दिवस आठवले असतील का? आम्हाला तरी वाटतं, आठवले असतील.

या कलेवर पोट भरणं अशक्यच होतं. तैलचित्रं काढणाऱ्यांच्या पंक्तीत छापचित्रवाल्यांना पाट नव्हता. ओन्चींचं घर चाले ते पुस्तकांची मुखपृष्ठं आणि सजावट करून. युद्ध वाढलं, तसे कागद-लाकूडही दुर्मीळ झाले. तरी १९४४ मध्ये, देश होरपळत असताना, या मंडळींनी ‘इचिमोकुशू’ हा संग्रह काढला. प्रत्येकाने आपलं चित्र हाताने छापून द्यायचं, सगळ्यांची मिळून एक चळत करायची आणि ती आपसांत वाटून घ्यायची. विकायचा प्रश्नच नव्हता, विकत घेणार कोण? १९५० पर्यंत असे सहा संग्रह निघाले.

युद्ध संपलं, अमेरिकन फौजा आल्या आणि त्यांच्याबरोबर अर्न्स्ट हॅकर, विल्यम हार्टनेट आणि ऑलिव्हर स्टॅटलर हे तिघे रसिकही आले. कालचे शत्रू ओन्चींच्या बैठकीत येऊन बसू लागले, चित्रं विकत घेऊ लागले. स्टॅटलर यांनी १९५६ मध्ये या कलावंतांवर पुस्तकच लिहिलं. त्याआधी १९५१ मध्ये, ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात याच वर्तुळातले साइतो कियोशी बक्षीस घेऊन आले होते. तैलचित्रवाले पाहत राहिले!

ओन्चींनी १९४३ मध्ये कवी हागिवारा साकुतारो यांचं एक व्यक्तिचित्र कोरलं होतं. सुरकुतलेला, खचलेला, रात्र रात्र न झोपलेला वाटावा असा चेहरा. त्याच्या मोजक्याच प्रती त्यांनी स्वतः छापल्या. पुढे मागणी आली तेव्हा छापायला बसले शिष्य सेकिनो आणि १९५५ मध्ये ओन्ची वारल्यावर त्यांच्या स्मरणार्थ हिराई कोइची. सगळं स्वतःच्याच हाताने करायचं, हा ज्यांचा आयुष्यभराचा बाणा, त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र लोकांपर्यंत गेलं ते दुसऱ्यांच्या हातांतून.

विद्या कुणाकडे होती?

इथे या चळवळीवर एक ठपका ठेवायलाच हवा. चित्रकारांनी कारागिरांना बाजूला सारलं, पण कारागिरांच्या बोटांतलं कसब सगळं घेतलं नाही. केसाएवढी रेघ उभी ठेवणं किंवा रेशमासारखा सपाट रंग लावणं ही विद्या जुन्या कोरणाऱ्या-छापणाऱ्यांजवळच राहिली. तिथेही ती शिकवली जात नसे. उमेदवाराने वर्षानुवर्षं बाजूला बसून पाहायची. नव्या उमेदवारांची संख्या घटत गेली.

डेव्हिड बुल हे जन्माने इंग्लिश, वाढले कॅनडात. १९८६ मध्ये ते जपानला गेले ते याच ओढीने. इंग्रजी शिकवून घर चालवायचं आणि जमेल तेव्हा कारागिरांना गाठून प्रश्न विचारायचे, असा क्रम. १९८९ मध्ये त्यांनी कात्सुकावा शुनशो यांच्या १७७५ सालच्या पुस्तकातली शंभर कवींची चित्रं नव्याने कोरायला घेतली. वर्षाला दहा, अशी दहा वर्षं. १९९८ मध्ये शंभरावं चित्र पुरं झालं. जे शिकले ते त्यांनी चुकांसकट उघडपणे लिहून काढलं आणि देशोदेशींचे शिकाऊ एकमेकांना विचारू लागले. २०१४ मध्ये त्यांनी तोक्योच्या आसाकुसा भागात दुकान थाटलं, तिथे आलेल्या पाहुण्यांच्या हातीही बारेन दिलं.

जपानच्या आवाजी बेटावर १९९७ पासून वेगवेगळ्या देशांतले कलावंत येऊन राहिले आणि मुरलेल्या कारागिरांकडून ही विद्या शिकून घरी परतले. योशिदांचे चिरंजीव तोशी यांनीही अनेक परदेशी विद्यार्थी घडवले. २०११ मध्ये क्योतो आणि आवाजी इथे या कलेची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. २०२४ ची परिषद एचिझेनला झाली, म्हणजे या चित्रांसाठी तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हाताने कागद बनवणाऱ्यांच्या गावी.

‘इचिमोकुशू’ची रीतही अजून चालते, फक्त मधे टपाल आलं. समजा तीस जण आहेत. प्रत्येकाने आपल्या चित्राच्या तीस प्रती छापून एकाकडे पाठवायच्या. तो त्यांच्या तीस चळती लावतो आणि ज्याची त्याला परत धाडतो. एक चित्र कोरून तीस चित्रं घरात!

मुलांना सुट्टीत करून पाहायचं असेल, तर मऊ प्लायवूडचा तुकडा, धारदार कटर (कोरताना मोठं माणूस जवळ हवं), जलरंग आणि तांदळाची पातळ खळ एवढं पुरे. एका पानाच्या आकारापासून सुरुवात करा. अक्षरं कोरायची तर उलटी कोरा, हे हमखास विसरतं. बारेनऐवजी मोठ्या चमच्याची पाठ चालते. कागद ओलसर हवा, भिजका नको. पहिले चार-पाच छाप फिके येतील, कारण कोरडं लाकूड आधी स्वतः पाणी पिऊन घेतं. ते फेकू नका. पुढच्या रंगाची चाचणी त्यांच्याच पाठीवर घ्यायची असते.