इंग्रजीतला ‘आपण’ कुठे आहे?

हैदराबादला मलकपेठेत राहणाऱ्या भाचीने परवा आईच्या ऑपरेशनसाठी केलेला रजेचा अर्ज मला फोनवर वाचून दाखवला. ‘आय बेग टू स्टेट’पासून ‘डू द नीडफुल’पर्यंत सारे होते, रजेची तारीख तेवढी राहिली होती!

तिचे काय चुकले? मराठीत तू-तुम्ही-आपण, कन्नडमध्ये नीनु-नीवु-तावु अशा आदराच्या पायऱ्या आहेत. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मग तो ‘तावु’ आपण जड शब्दांत शोधतो. इंग्रजी मात्र आदर ‘कुड’, ‘वुड’मध्ये ठेवते. ‘आय वुड बी ग्रेटफुल फॉर फाइव्ह डेज लीव्ह फ्रॉम मंडे’ एवढे पुरते.

पालकहो, मुलांचा अर्ज तपासताना आधी कारण आणि तारीख पाहा. भाचीचा नवा अर्ज चार ओळींचा झाला. रजाही मिळाली.