परंपरेला कसोटी: आयुर्वेदातील पदव्युत्तर संशोधन

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची कथा आहे. राजगृहात जन्मताच उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल अभय राजकुमाराने वाढवले. पुढे जीवक तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्याला नगराभोवतीच्या एक योजन परिसरातून औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. तो रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण ठरला. आचार्यांनी पाठांतर तपासले नाही, शिष्याला रानात पाठवले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष वाटते.

सुश्रुतसंहितेत मात्र शिष्याची दीक्षा वर्णानुसार सांगितली आहे. गुणवान शूद्राला उपनयनाविना, मंत्र वगळून शिकवावे, हे केवळ काहींचे मत म्हणून नोंदवले आहे. ज्ञानाच्या दाराशी असा पहारा होता. संविधानामुळे तो उठला आणि आपली मुले आज आयुर्वेद व होमिओपॅथीच्या महाविद्यालयांत शिकत आहेत. तरीही पालक अनेकदा खिन्नपणे म्हणतात, ‘एमबीबीएस हुकले, म्हणून बीएएमएस.’ बीएएमएसनंतर संशोधनाची केवढी वाट खुली होते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

एक वर्षाची आंतरवासिता धरून बीएएमएसचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरील प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांच्या एम.डी. किंवा एम.एस. पदवीस प्रवेश मिळतो. राज्यातील बहुतेक महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्या नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठातही आयुर्वेदाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. सर्वत्र प्रबंध अनिवार्य आहे. प्रथम संशोधनपद्धती व वैद्यकीय संख्याशास्त्र शिकायचे, मार्गदर्शकांसह विषय ठरवायचा, आराखडा लिहायचा आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता घ्यायची, असा हा क्रम आहे. रुग्णांवर चाचणी करायची असल्यास २००७ पासून सुरू असलेल्या भारतीय नोंदवहीत ती पहिल्या रुग्णापूर्वीच नोंदवणे अपेक्षित असते. काय मोजणार, हे आधीच जाहीर केल्यामुळे नंतर सोयीचा निष्कर्ष निवडता येत नाही.

प्रश्न नेमका विचारणे ही या प्रशिक्षणातील सर्वांत कठीण पायरी होय. ‘हळद गुणकारी आहे काय?’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे. कोणत्या रुग्णांना, किती मात्रेत, किती आठवडे दिली आणि कशाच्या तुलनेत काय बदलले, हे सांगावे लागते. तुलना आवश्यक असते, कारण गुडघेदुखी आपोआपही कमीजास्त होते. वेदना शिगेला पोचल्यावर रुग्ण वैद्याकडे येतो, आणि पुढे ती उतरली की श्रेय औषधाला मिळते. म्हणून सोडतीप्रमाणे रुग्णांचे दोन गट केले जातात. टाटा स्मारक केंद्राने स्तनकर्करोगाच्या ८५० महिलांमध्ये योगाभ्यासाची चाचणी याच रीतीने घेतली. वनस्पतीची अचूक ओळख पटवणे, तिचा दर्जा आणि जड धातूंचे प्रमाण तपासणे हेही याच शिस्तीचे भाग आहेत. ‘आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हा समज घातक आहे.

या शिस्तीचे फळ पाहायचे तर सर्पगंधेचा इतिहास वाचावा. पिढ्यान्‌पिढ्या वापरातील या मुळीने रक्तदाब उतरतो, असे १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मांडले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्यामुळे काही रुग्णांना नैराश्य येते, हेही पुढे उघड झाले. गुण आणि दोष दोन्ही नोंदले गेले, ते तपासणीमुळेच.

आजच्या प्रबंधांत उणिवा आहेत. रुग्णसंख्या अल्प असते, काळ अपुरा पडतो आणि अनेक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटातच राहतात. औषध निष्फळ ठरले, हे लिहिण्याचा संकोच तर फारच. परंतु प्रामाणिक नकारही ज्ञानच असते, कारण त्यामुळे पुढील रुग्णाचे पैसे आणि वेळ वाचतात. होमिओपॅथीच्या मूळ तत्त्वांवरच वैज्ञानिक जगताचे गंभीर आक्षेप आहेत. त्या शाखेतील विद्यार्थ्याने ते टाळू नयेत, अभ्यासावेत.

बीएएमएस शिकतानाच केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘स्पार्क’ योजनेतून संशोधनाचा पहिला अनुभव घेता येतो. पुढे पीएच.डी.साठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे. दवाखाना लवकर थाटून घर सावरण्याची निकड आपल्या कुटुंबांना असते, ती मी जाणतो. तरीही काही मुलांना ही आणखी काही वर्षे मिळवून देण्यासाठी समाजाने पाठीशी उभे राहावे. गावातल्या आजीच्या मुळीपासून संहितेतील सूत्रापर्यंत प्रत्येक दाव्याला ‘पुरावा काय?’ असे विचारण्याचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नव्हता, त्यांच्या मुलांनी तो प्रयोगशाळेत बजावला पाहिजे.