कोरलेले पितळ आणि त्याचा नाद

आपल्या घरातील एखादे जुने पितळी पातेले उन्हात धरून पाहा. काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेले नाव दिसेल. कधी ते आजीचे असेल, तर कधी लग्नात भांडे देणाऱ्या मामांचे. पुढे ते पातेले मोडीत निघते, तेव्हा दुकानदार ते तराजूत टाकतो आणि पितळेचे पैसे देतो. नावाचे मोल त्या तराजूला कळत नाही. आज ज्या वाद्याचा परिचय आपणांस करून द्यावयाचा आहे, त्याचे भवितव्यही पुष्कळदा याच तराजूने ठरविले आहे. ते वाद्य म्हणजे पितळी भांड्यावर नक्षी कोरलेला जुना साइड ड्रम, अर्थात स्नेअर ड्रम.

या वाद्याकडे जाण्यापूर्वी क्षणभर कुंभकोणमला जाऊ. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधले हे गाव मराठी माणसाला परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे राज्य होते. पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमला जन्मले. पितळी भांडी ही गावाची जुनी ख्याती. जवळच्या नाचियारकोइल येथे पितळी समया घडतात आणि स्वामीमलै येथे धातूच्या मूर्ती ओतल्या जातात. धातूला आकार कसा द्यावा आणि त्यावर रेघ कशी उमटवावी, हे ज्ञान येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

नादाचीही या प्रदेशाला वाण नाही. देवळाच्या गोपुराखाली नागस्वराबरोबर जो तविल वाजतो, त्याचे खोड फणसाच्या लाकडाचे असते. एका बाजूस वादक आखूड काठीने आघात करतो. दुसऱ्या बाजूस बोटांवर कडक टोपणे चढवून तो वाजवितो. पूर्वी त्याची पुडी चामड्याच्या वाद्यांनी ताणीत असत, आता पुष्कळ ठिकाणी लोखंडी कडी व स्क्रू आले आहेत. कुंभकोणमपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर तिरुवारूरचे त्यागराजमंदिर आहे. तेथील पंचमुख वाद्य तर धातूचेच आहे. एकाच मोठ्या भांड्याला पाच तोंडे, आणि प्रत्येक तोंडावर चामडे! धातूच्या भांड्यातून ताल काढण्याची कल्पना पश्चिमेकडूनच आली असे मानणाऱ्याने हे वाद्य अवश्य पाहावे.

पश्चिमेचा ड्रमही या भूमीला फार पूर्वीपासून परिचित आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळात (१७९८ ते १८३२) तंजावरच्या दरबारी पाश्चात्त्य धर्तीचा बँड होता. याच राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. वाजवून विरणारा नाद आणि कोरून टिकणारे अक्षर, या दोहोंची त्यांना सारखीच आवड होती.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळू. शाळेच्या संचलनात गळ्यात अडकविलेला साइड ड्रम आपण पाहिलेला आहेच. त्याला वर व खाली अशा दोन पुड्या असतात. खालच्या पुडीला लागून तातीचे किंवा तारेचे काही पदर आडवे ताणलेले असतात. वर काठी पडली की खालची पुडी थरथरते, ते पदर तिच्यावर आपटतात आणि तो परिचित कडकडाट उठतो. पदर सैल सोडले की तोच ड्रम घुमा बोलू लागतो. हे वाद्यही प्रथम दोऱ्यांनीच ताणीत. स्क्रू मागाहून आले. तविल आणि साइड ड्रम यांनी वेगवेगळ्या खंडांत एकच वाट चालली, हे नवल नव्हे काय?

या ड्रमच्या भांड्यावर सुंदर नक्षी चढली ती अमेरिकेत, १९२० नंतरच्या दशकात. शिकागोच्या लुडविग अँड लुडविग या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याने, तसेच लीडी व स्लिंगरलँड यांनीही असे ड्रम काढले. पितळेच्या भांड्यावर काळ्या निकेलचा पातळ मुलामा देत. मग कारागीर हातातील कोरणी किंचित डोलवीत पुढे नेई. जेथे काळा थर निघे, तेथे खालचे पितळ सोन्यासारखे उजळे आणि काळ्या पार्श्वभूमीवर फुलापानांची वेल उमटे. काम हाताचे असल्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन ड्रमांवरील वेलीही तंतोतंत सारख्या नसतात. ‘ब्लॅक ब्यूटी’ म्हणजे ‘काळी सुंदरी’ हे नाव संग्राहकांच्या तोंडी बसले ते याच वाद्यांमुळे.

परंतु हे वैभव अल्पजीवी ठरले. मूकपटांच्या चित्रगृहांत वाजविणारे वादक हे या कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. १९२७ नंतर बोलपट आले आणि त्यांची उपजीविका गेली. १९२९ पासून मंदीने उरलेली मागणी खाल्ली. दुसऱ्या महायुद्धात वाद्यांसाठी धातू वापरण्यावर अमेरिकेत कडक निर्बंध आले आणि ड्रमचे बहुतेक भाग लाकडाचे करावे लागले. १९७० नंतरच्या दशकात लुडविगने काळ्या पितळी ड्रमचा पुन्हा आरंभ केला. तथापि, त्या पहिल्या दशकातील जे थोडे ड्रम वाचले, त्यांच्यासाठी संग्राहक आजही दूरदूर शोध घेतात.

असा ड्रम कधी आपल्या हाती आला, तर त्याचे मोल कसे जाणावे? प्रथम कान द्या. तारा सैल करून प्रत्येक स्क्रूजवळ बोटाने हलकेच टिचकी मारा. सर्वत्र एकच स्वर येत नसेल तर पुडी ओढून लावावी लागेल, जशी आपण तबल्याची लावतो. स्वर जुळूनही आवाज बसका आला, तर भांडे चेपले आहे काय, ते पाहा. मग दृष्टी वळवा. हवेच्या छिद्रावर निर्मात्याची चकती आहे काय? मागाहून पाडलेली छिद्रे आहेत काय? नक्षीच्या कडा जुन्या रेघांप्रमाणे थोड्या मवाळ झाल्या आहेत, की नव्या मुलाम्यावर कोणी कालच कोरल्यासारख्या धारदार आहेत? पुड्या चामड्याच्या असतील तर त्या जपाव्यात. प्लॅस्टिकच्या पुड्या १९५७ च्या सुमारास प्रचारात आल्या. त्यापूर्वीचे चामडे पावसाळ्यात दमट होऊन ढिले पडते, आणि उन्हाळ्यात इतके ताणले जाते की फाटण्याचे भय असते. म्हणून वाद्य ठेवून देताना पुडी थोडी सैल करावी.

गृहिणींना येथे एक विनंती आहे. पितळ म्हटले की आपला हात चिंचेकडे जातो. पातेल्याला चिंच लावणे योग्यच. परंतु कोरलेल्या ड्रमला चिंच, राख किंवा पॉलिश कदापि लावू नये. काळा थर फार पातळ असतो, आणि तो गेला की नक्षीचा अर्थच जातो. काळ्यावाचून सोनेरी रेघ दिसणार कशी? मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी, एवढी निगा पुरेशी आहे. थोडा डाग, थोडी झीज राहू द्यावी. वाद्य वापरले गेले, त्याची ती साक्ष आहे.

आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी शिकागोचा ड्रम असेल. परंतु बँडवाल्या आजोबांचा साइड ड्रम, माळ्यावरचा तांब्याचा ताशा किंवा डग्ग्याचे पितळी भांडे पुष्कळांकडे असेल. ते मोडीत देण्यापूर्वी एक दिवस घरातच ठेवून घ्या. त्यावर कोणाचे नाव किंवा खूण आहे ती वहीत टिपून ठेवा. घरातील वडील मंडळींना विचारा, हे कोणी वाजविले, कोणत्या लग्नात, कोणत्या मिरवणुकीत. मग एकदा त्यावर हलकेच टिचकी मारा आणि मुलांना ऐकवा. इतके करूनही ते विकावेसे वाटले तर खुशाल विका. पण तोपर्यंत त्याची खरी किंमत तराजूला नव्हे, आपणांस ठाऊक झालेली असेल.