प्रबंधाची पायवाट : लेखांक १४
तीनशे चौऱ्याऐंशी माणसं

संदर्भवाचनाच्या टिपणांचा उरलेला भाग आज द्यायचा होता. तो पुढच्या आठवड्यात. मध्येच एक पत्र आलं, आणि त्यातल्या एका आकड्याशी माझं जुनं वैर आहे, त्यामुळे आजचा लेखांक त्यालाच गेला.

पत्र मिरजेकडच्या एका विद्यार्थिनीचं. बंगळुरात हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे, यशवंतपूरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. विषय मंजूर झालाय : ‘गोल्डन चॅरियट या आलिशान पर्यटक गाडीतील प्रवाशांचे समाधान’. गाइडनी बजावलंय की प्रश्नावल्या किमान ३८४ भरून आणायच्या. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे : “सर, एवढी माणसं आणू कुठून?”

विषय का सुचला ते उघड आहे. २ फेब्रुवारी २००८ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी या गाडीला हिरवा झेंडा दाखवला तो यशवंतपूर स्थानकावरच. १० मार्चला पहिली व्यावसायिक फेरी गोव्याकडे निघाली. डब्यांना कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, सातवाहन अशी राजघराण्यांची नावं, जेवणाच्या डब्यांची नावं नळ आणि रुची, बारचं नाव मदिरा. आधी कर्नाटकाच्या पर्यटन महामंडळाची असलेली ही गाडी पुढे आयआरसीटीसीकडे गेली. हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलीला खोलीपासून हाकेच्या अंतरावर असा विषय मिळाला, तर ती तो सोडेल कशाला?

आता हिशेब मांडा. गाडीत पाहुण्यांच्या खोल्या ४०. प्रत्येकीत दोघे धरले तरी गाडी गच्च भरल्यावर ८० माणसं होतात. म्हणजे चार फेऱ्या एकही खोली रिकामी न राहता गेल्या आणि प्रत्येक पाहुण्यानं, नवरा-बायकोनं वेगवेगळा, कागद भरून दिला, तरी ३२० होतात. पाचवी फेरी लागतेच. ही गाडी काही रोज सुटत नाही, हंगामात मोजक्या फेऱ्या होतात. त्यात लाखो रुपये मोजून आलेल्या पाहुण्यापुढे कॉलेजच्या मुलीला कागद घेऊन कोण उभं करील?

मग हा ३८४ आला कुठून? हॉटेल आणि पर्यटनाचे प्रबंध मी वर्षानुवर्षं चाळतोय आणि तिसऱ्या प्रकरणात हा आकडा देव्हाऱ्यातल्या टाकासारखा बसवलेला दिसतो. विचारलं तर उत्तर येतं, “सर, टेबलमध्ये आहे.” टेबल म्हणजे क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी १९७० मध्ये छापलेला तक्ता. किती लोकसंख्येसाठी किती नमुना घ्यायचा, ते त्यात आयतं दिलंय. हजाराला २७८, दहा हजाराला ३७०, दहा लाखाला ३८४. आणखी वर गेलात तरी आकडा जवळपास तिथंच थांबतो.

त्यामागचं गणित दहावीच्या मुलालाही जमेल. १.९६ चा वर्ग करा, ०.५ गुणिले ०.५ ने गुणा, ०.०५ च्या वर्गानं भागा. येतात ३८४.१६. यातला १.९६ हा ९५ टक्के खात्रीचा आकडा. ०.०५ म्हणजे उत्तर खऱ्यापेक्षा पाच टक्के इकडेतिकडे झालं तरी चालेल, अशी सूट. आणि ०.५ म्हणजे निम्मे लोक हो म्हणतील, निम्मे नाही म्हणतील, हा सर्वांत अवघड प्रसंग. लोकसंख्या आटोपशीर असेल तर तक्ता आकडा खाली आणतो. ८० माणसांसाठी तो ६६ च मागतो. म्हणजे आपल्या मिरजकर मुलीच्या गाइडनी तक्त्याची शेवटची ओळ वाचली, वरच्या ओळी वाचायच्या राहिल्या.

पण माझं भांडण त्याहून वेगळं आहे. हा तक्ता एका अटीवर उभा आहे : समूहातल्या प्रत्येक माणसाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. ती अट तक्त्याबरोबर प्रबंधात कधी उतरवली जात नाही. मॉलच्या दारात उभं राहून, हसून बघणाऱ्यांकडून ३८४ कागद भरून घेतले, तर ते ३८४ हसऱ्या माणसांचं मत झालं. त्यावर ९५ टक्क्यांचा शिक्का मारता येत नाही. ३८४ चे ३,८४० केले तरी येत नाही.

यावरचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचं. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं जवळजवळ एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून लँडन निवडून येणार, असं भाकीत झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदणीतून, मंदीच्या काळात! शिवाय राग असलेला माणूस उत्तर पाठवतो, समाधानी माणूस पत्रिका बाजूला ठेवतो. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त आवडतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. नमुना-शास्त्रातलं मोठं नाव, पुढे रोमला अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. १९४० च्या दशकात ते पीक-कापणीच्या पाहण्या करत होते. शेतात यादृच्छिक जागी चौकट आखायची, तेवढंच पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. त्यांच्या लक्षात आलं की चौकट फार लहान असली की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण साधं आहे. दोरीच्या रेषेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. मुद्दाम कुणी करत नाही. लहान चौकटीत आतल्या रोपांच्या मानानं काठावरची रोपं जास्त असतात, म्हणून तिथं ही चूक फुगून दिसते.

प्रश्नावली घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याचा हातही असाच चालतो. इंग्रजी समजणारा, घाईत नसलेला, आपल्याच वयाचा माणूस आत येतो. डोक्यावर बोचकं घेतलेली म्हातारी बाहेर राहते.

तर या मुलीला माझा सल्ला असा. गोल्डन चॅरियट सोडवतच नसेल तर ३८४ सोडा. गाडीवर काम केलेल्या आठ-दहा जणांना गाठा. स्वयंपाकी, डब्यातला सेवक, मार्गदर्शक. प्रत्येकाशी सविस्तर बोला आणि एकाच गाडीचा प्रकरण-अभ्यास म्हणून लिहा. हलत्या गाडीच्या अरुंद मुदपाकखान्यात सोळा जणांची ताटं एका वेळी कशी निघतात, यावर एक अख्खं प्रकरण होईल आणि परीक्षक ते आवडीनं वाचतील.

आकडेच हवे असतील तर त्याच स्थानकावरून आठवड्यातून एकदा सुटणारी दुसरी गाडी पाहा. यशवंतपूर–पंढरपूर एक्स्प्रेस. हुबळी, बेळगाव, मिरज करत जाते, म्हणजे पत्रलेखिकेच्या माहेरच्या वाटेवरचीच. (गोल्डन चॅरियटचं नाव हंपीच्या ज्या दगडी रथावरून आलं, तो उभा आहे विठ्ठल मंदिराच्याच प्रांगणात. त्यामुळे विषय बदलला तरी दैवत बदलत नाही.)

या गाडीचा फायदा असा की नमुना निवडायची सोय रेल्वेनं करूनच ठेवली आहे. आरक्षित डब्यात प्रत्येक बर्थला क्रमांक असतो. जुन्या स्लीपर डब्यात ७२, नव्या लाल डब्यात ८०. क्रमांक ठरवून जायचं आणि त्या बर्थवर जो असेल त्यालाच विचारायचं. चेहरा बघून निवड करायची मुभाच उरत नाही.

आता इथं एक मजा आहे, ती नीट बघा. ‘दर आठवा बर्थ घेते’ असं सोयीनं ठरवलंत तर फसलात. ८, १६, २४, ३२ हे सगळे बर्थ साइड अप्पर! खालच्या बर्थसाठी ज्येष्ठ नागरिक आणि वयानं मोठ्या बायका यांना राखीव कोटा, त्यामुळे बाजूच्या वरच्या फळीवर एकटे तरुण प्रवासी जास्त. तुमच्या प्रबंधात निष्कर्ष निघेल की पंढरपूरचे बहुसंख्य यात्रेकरू तिशीच्या आतले पुरुष आहेत. आठाऐवजी नऊचं अंतर घ्या. एक ते नऊमधली एक चिठ्ठी काढा. चार आली तर ७२ बर्थच्या डब्यात ४, १३, २२, ३१, ४०, ४९, ५८, ६७. यांत खालचा, मधला, वरचा, दोन्ही बाजूंचे, असे आठही जागांचे प्रकार नेमके एकेकदा येतात. कागदावर आठ खोक्यांत मांडून बघा, खात्री पटेल.

दोन अडचणी राहतात. पहिली, अनारक्षित डब्यांना क्रमांक नाहीत, आणि तिथं बसणारा यात्रेकरू वेगळा असतो. तिथं दारातून चढणारा दर दहावा माणूस असं काहीतरी ठरवावं लागेल. गर्दीत ते जमलं नाही तर ‘हा अभ्यास आरक्षित डब्यांपुरता आहे’ असं पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहावं. त्यात कमीपणा नाही.

दुसरी अडचण जास्त चिवट. यात्रेला माणूस एकटा जात नाही. गावचे पंधरा जण एकत्र निघतात, तिकीट एकानं काढलेलं असतं, उतरायचं कुठं हेही त्यानंच ठरवलेलं. तुमच्या आठ बर्थपैकी तीन त्याच टोळीतले निघाले तर तिघांचं उत्तर एकच येणार : “अण्णांना विचारा.” कागद तीन, मत एक. म्हणून प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न ‘बरोबर कितीजण?’ हा ठेवा आणि प्रत्येक टोळीला क्रमांक द्या. हिशेब करताना ३८४ कागदांमागे स्वतंत्र टोळ्या किती होत्या, ते छापा.

आणि विचारायचं काय? कृपा करून ‘समाधान’ विचारू नका. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर, जिला १९३२ पासून लिकर्टचं नाव चिकटलंय, यात्रेकरू सगळीकडे पाचच लिहितो. देवाला निघालेला माणूस गाऱ्हाणं कशाला नोंदवील? ते जे करतात ते विचारा. पंढरपुरात उतरणार कुठं : मंदिर समितीच्या भक्तनिवासात, मठात, धर्मशाळेत, लॉजवर की ओळखीच्या घरी? शिधा बरोबर आणला का? स्वयंपाक कोण करणार? मागच्या खेपेला पहिलं जेवण कुठं झालं?

जेवणाचा प्रश्न मी उगाच घालत नाही. इरावती कर्वे पालखीबरोबर चालत गेल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्यात त्यांनी नोंदवलं की एकाच वाटेनं, एकाच नावाचा गजर करत चाललेल्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे जेवायला वेगळे बसतात, आणि ते त्यांना सलत राहिलं. त्यांच्या हातात प्रश्नावली नव्हती. कोण कुणाच्या पंक्तीला बसतो, एवढंच त्यांनी पाहिलं. आतिथ्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हा लेख पाठ्यपुस्तकाच्या आधी वाचावा, असं माझं मत आहे. बंगळुराहून जाणाऱ्या कानडी यात्रेकरूंची पंक्त आज कशी बसते, यावर कुणी प्रबंध लिहिलेला माझ्या तरी पाहण्यात नाही.

व्यवहाराचं थोडं. फलाटावर कागद घेऊन उभं राहण्याआधी कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करून स्टेशन मॅनेजरची लेखी परवानगी घ्या. गाडी फलाटावर लागल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ थोडा असतो, म्हणून प्रश्न दहाच्या वर नेऊ नका. कानडी येणारी मैत्रीण बरोबर ठेवा. एकाच आठवड्यात सगळं उरकू नका : आषाढी-कार्तिकीच्या आधीची गाडी आणि एरवीची गाडी यांतली माणसं वेगळी असतात. दोन्ही घेतलीत तर तुलनाही आयती मिळेल.

आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांचीही रेघ ओढा. बर्थ क्रमांक ३१, नकार. बर्थ क्रमांक ४०, झोपलेले. हा आकडा विद्यार्थी लपवतात, आणि परीक्षकाचा विश्वास बसतो तो नेमका याच आकड्यावर.

वाचकांपैकी कुणी रेल्वेत, एसटीत किंवा भक्तनिवासात अशी पाहणी केली असेल तर किती जणांना विचारलं आणि किती जणांनी नकार दिला, हे दोन आकडे मला पोस्टकार्डावर कळवा. बाकी प्रबंध पाठवला नाहीत तरी चालेल.