हार्ट फेल्युअर आणि गळणारी झडप : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला हवे तेवढे रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची शक्ती कमी होणे होय. अशा रुग्णांच्या इको तपासणीच्या अहवालात ‘झडप गळते’ अशी नोंद पुष्कळदा आढळते. तिचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे, कारण आजाराची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी त्या गळतीवर अवलंबून असते.

हृदयाच्या चारही झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील झडपेस मायट्रल झडप म्हणतात. दाराची चौकट फाकली की धडधाकट दारेही नीट मिटत नाहीत. येथेही तसेच घडते. अशक्त झालेला खालचा कप्पा ताणला जातो, झडपेची पाळी मूळची निरोगी असूनही एकमेकींना टेकत नाहीत आणि प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे वरच्या कप्प्यात जाते. तेथून दाब फुफ्फुसांपर्यंत पोहोचतो व दम लागतो. परत आलेल्या रक्ताच्या भाराने खालचा कप्पा आणखी ताणला जातो, त्यामुळे गळती आणखी वाढते. म्हणूनच तीव्र गळती असलेल्या रुग्णांना वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागते आणि त्यांच्या जीवितासही अधिक धोका असतो. किंचित गळती मात्र अनेक निरोगी व्यक्तींतही दिसते. केवळ त्या शब्दाने घाबरू नये.

हृदयाचा ताण कमी करणाऱ्या औषधांनी ताणलेला कप्पा काही रुग्णांत पुन्हा आकसतो व गळतीही घटते. त्यासाठी औषधांची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते. त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी इको पुन्हा केला जातो. बरे वाटू लागले म्हणून याच काळात अनेक जण गोळ्या सोडतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

औषधांनंतरही गळती तीव्र राहिल्यास, निवडक रुग्णांत पायाच्या शिरेतून नळी नेऊन झडपेस क्लिप बसविता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात दोन वर्षांत केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के, तर क्लिपही बसविलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के रुग्ण दगावले. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील अभ्यासात मात्र एका वर्षात असा लाभ दिसला नाही. त्यामुळे हा उपाय कोणास योग्य, हे हृदयरोगतज्ज्ञांनी तपासूनच ठरवावे लागते.

आपल्या देशात आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते. बालपणी घशाच्या संसर्गानंतर आलेल्या संधिवाती तापाने झडपेची पाळीच खराब होतात. अशा रुग्णांना बहुधा दर तीन आठवड्यांनी दिले जाणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकवू नये. झडपेचा आजार असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरी रोज सकाळी लघवीनंतर, चहापूर्वी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वा अधिक वाढ, पायांवर सूज, किंवा झोपताना एक उशी जास्त लागणे ही पाणी साचल्याची चिन्हे असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. त्यांना ‘वयाचा थकवा’ समजून थांबू नये. दिवसाचे मीठ एकूण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत असावे. पापड व लोणच्यातील मीठही त्यात धरावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांनी शरीरात मीठ व पाणी साचते.

बसल्या जागी धाप लागणे, गुलाबी फेसाळ थुंकी पडणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाल्यास रुग्णास बसते ठेवून (शुद्ध हरपली असल्यास कुशीवर वळवून) तातडीने रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी बहुतेक राज्यांत १०८ क्रमांक उपलब्ध आहे. जाताना इकोचे जुने अहवाल, वजनाची वही, चालू गोळ्या आणि असल्यास आयुष्मान कार्ड सोबत घ्यावे.